भाऊ, बॉक्स केवढा घेऊ?

दिवाळीची सुट्टी पंधरा दिवसांवर आली की आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक नवाच सीझन सुरू होतो. सबमिशन बाजूला, टर्मवर्क बाजूला, आणि सेकंड इयरची पोरं गाडीच्या मागे उभी राहून हातातल्या स्केलने कॅरिअर मोजत असतात. मग त्यातला एक जण माझ्या रूमवर येतो. "भाऊ, ३२ लिटरचा घेऊ की ४५चा? ४५चा फक्त सातशे रुपयांनी महाग आहे."

मला का विचारतात हे सगळ्या हॉस्टेलला माहीत आहे. माझा बॉक्स रस्त्यात तुटला होता. तो किस्सा मेसमध्ये इतक्या वेळा सांगून झालाय की आता त्यात माकडं आणि पोलिसही आलेत. दोन्ही खोटं. एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी विचारायला येणाऱ्याच्या हातात हा अंक देऊन झोपायला मोकळा.

माझी गाडी स्प्लेंडर प्लस. वजन ११२ किलो, दोन चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस १२३६ मिलिमीटर, इंजिन ९७.२ सीसी. घर चिपळूणला. कराड ते चिपळूण म्हणजे पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. साधारण शंभर किलोमीटर. फर्स्ट इयरला सॅक पाठीला लावून जायचो, उतरल्यावर दोन दिवस खांदे धरायचे. म्हणून सेकंड इयरला एका पासआउट सीनियरकडून ४५ लिटरचा टॉप बॉक्स सेकंडहँड घेतला आणि एका फॅब्रिकेटरकडून त्याखाली पाइपचा रॅक मारून घेतला. फॅब्रिकेटरने विचारलं होतं, "वजन किती ठेवणार?" मी म्हणालो, "फार नाही." पुढचं सगळं महाभारत या "फार नाही"मधून झालेलं आहे, त्यामुळे त्या माणसाला मी दोष देणार नाही.

२०२३च्या दिवाळीनंतर परत येत होतो. मागे माझा रूम पार्टनर, तो सावर्ड्याचा. त्याची सॅक त्याच्या पाठीला, आणि बॉक्समध्ये माझं सामान. आईने काय काय दिलं होतं ते नंतर वजन करायची वेळ आली म्हणून पाठ आहे: पाच किलो तांदूळ, फराळाचे दोन डबे मिळून तीन किलो, आगळाच्या दोन बाटल्या म्हणजे दोन किलो, लॅपटॉप चार्जरसकट अडीच, कपडे दोन. साडेचौदा किलो. बॉक्स रिकामाच प्लेटसकट साडेचार किलोचा. म्हणजे १९. रॅकचे तीन किलो वेगळे.

पोफळी सोडून घाट चढायला लागलो तेव्हाच हँडल हलकं लागत होतं. वळणावर गाडी वळवली की ती थोडी उशिरा वळायची, आणि वळली की गरजेपेक्षा जास्त वळायची. मला वाटलं हवा कमी असेल. वर हेळवाकच्या पुढे सपाटीला साठचा स्पीड घेतला तर मागून कुणीतरी सीट धरून सावकाश डावी-उजवी करतंय असं वाटायला लागलं. पार्टनरला ओरडून म्हणालो, "हलू नकोस रे!" तो म्हणाला, "मी कुठे हलतोय?" कोयनानगरला चहा घेतला, वडापाव घेतला, आणि बॉक्सकडे ढुंकूनही बघितलं नाही.

पाटणच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर रंग उडालेला होता, दिसला नाही. चाळीसच्या आसपास असेन. पुढचं चाक गेलं, मागचं गेलं आणि 'कट्ट' असा आवाज आला. रॅकचा डावीकडचा पाइप वेल्डच्या कडेला तुटला होता. बॉक्स उलटा होऊन एका पाइपवर लोंबकळला, झाकण उघडलं आणि चकलीचा स्टीलचा डबा रस्त्यावर पडून गडगडत मागे गेला.

आमच्या मागे एक जोडपं होतं, गाडीवर. टाकीवर पुढे त्यांचा मुलगा, चार-पाच वर्षांचा. मी आरशात बघितलं तेव्हा डबा त्यांच्या पुढच्या चाकापासून हातभर होता. त्या माणसाने कसं कुणास ठाऊक हँडल डावीकडे घेतलं, गाडी साइडपट्टीच्या मातीत गेली, घसरली, आणि त्याने दोन्ही पाय टेकून ती उभी ठेवली. कुणी पडलं नाही. मी पळत गेलो. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तो काही बोलला नाही. मुलाला उतरवून बायकोजवळ दिलं, आमचा डबा उचलून माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "भावा, पोरगं हाय पुढं."

मेसमध्ये किस्सा सांगताना मी हा भाग गाळतो.

पुढे तो बॉक्स पार्टनरने मांडीवर घेऊन एसटीने कराडला आणला आणि मी गाडी रिकामी चालवत आलो. रिकामी गाडी इतकी शहाण्यासारखी चालत होती की मला रडू यायचं बाकी राहिलं.

आता आपण इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, निदान फी तरी तशी भरतो. तेव्हा हे का झालं ते आकड्यांत बघू. मेसच्या कोठीत धान्य मोजायचा वजनकाटा आहे. रेक्टर सरांच्या परवानगीने (त्यांना आम्ही "प्रोजेक्ट" सांगितलं होतं) गाडीचं पुढचं चाक काट्यावर आणि मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या विटांवर ठेवलं. मी ६२ किलो. मी एकटा बसलो तर एकूण १७४, त्यातले पुढच्या चाकावर ७७, म्हणजे ४४ टक्के. मग पार्टनर बसला, ६५ किलो. रॅक दुरुस्त करून लावला, बॉक्स त्याच सामानाच्या वजनाइतका भरला. एकूण २६१, पुढच्या चाकावर ८०. म्हणजे ३१ टक्क्यांच्याही आत, आणि मागच्या टायरवर ९७ ऐवजी १८१ किलो. हे सपाटीवर. घाटाच्या चढाला यातलं आणखी वजन मागे सरकतं.

पण यात बहुतेक करामत पार्टनरच्या ६५ किलोंची आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकट्या बॉक्सचा हिशेब वेगळा मांडला तर तो मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे बसतो. १९ गुणिले ३०० भागिले १२३६. पुढच्या चाकावरचे साडेचार किलो तो उचलतो. बस्स, एवढेच? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. घरी गाडीवर बॉक्स लावणारे सगळे इथेच फसतात, कारण वजन "फार नाही" असंच दिसतं.

खरी भानगड अंतराच्या वर्गात आहे. गाडी डावी-उजवी डुलायला लागते तेव्हा ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. पुढे ४४ टक्के वजन म्हणजे माझा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ५४ सेंटिमीटर पुढे. बॉक्स तिथून ८४ सेंटिमीटर लांब. तेच सामान सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या झोळ्यांत, ॲक्सलच्या १० सेंटिमीटर पुढे ठेवलं तर अंतर ४४. वर्ग करा: ७०५६ आणि १९३६. किलो तेच, तांदूळ तेच, चकल्या त्याच, पण गाडीला डुलवण्याची आणि डुललेली थांबू न देण्याची ताकद साडेतीन पटींहून जास्त. शिवाय टॉप बॉक्स उंचावर. व्हितोरे कोसाल्तर यांच्या 'मोटरसायकल डायनॅमिक्स' या पुस्तकात मागून येणाऱ्या या संथ डुलण्याला 'वीव्ह' म्हटलंय. माझा पार्टनर हलत नव्हता, हे मला पुस्तक वाचून पटलं. त्याची माफी मागितली आहे.

आणि रॅक का तुटला? तो तर सरळसरळ सॉमच्या पहिल्या युनिटमधला कॅन्टिलिव्हर. शेवटचा बोल्ट जवळपास ॲक्सलच्या वरच येतो, तिथून ३० सेंटिमीटरवर १९ किलो: ५६ न्यूटन-मीटर. स्पीडब्रेकरचा झटका तिप्पट धरा, १६८ झाले. स्प्लेंडरच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ८ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. तुलना शास्त्रशुद्ध नाही, मान्य. पण अर्ध्या इंची पाइपच्या वेल्डवर रोज दर खड्ड्याला काय येत होतं याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. तुटलेल्या जागी अर्ध्या भागाला जुना गंज होता आणि अर्धा भाग चकचकीत. म्हणजे तडा महिनाभर आधीपासून होता आणि मी त्यावर रोज टॉवेल वाळत घालत होतो.

ज्याला आकडे नको असतील त्याने सकाळी सहाला मेसच्या मागे उभं राहावं. आमच्याकडे दूध घालणारे काका येतात. त्यांचीही शंभर सीसीचीच गाडी, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेममध्ये दुधाचे मोठे कॅन. माझ्या १९ किलोंच्या कितीतरी पट वजन घेऊन ते वीस वर्षं हिंडतायत, गाडी डुलत नाही. त्यांना मी तुटलेला रॅक दाखवला तर हसले. "आरं विंजनेर, वजान गाडीच्या पोटाला लावत्यात. शेपटाला लावल्यावर ती नाचल न्हाई तर काय करल?" त्यांचे कॅन चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली, ॲक्सलच्या जवळ. डाव्या कॅनमधून दोन घरं, मग उजव्यातून दोन घरं, असं दूध काढतात, म्हणजे तोल जात नाही. आणि मागे माणूस बसवत नाहीत. मी चार सेमिस्टरमध्ये जे शिकलो नाही ते या तीन गोष्टींत आहे, पण काकांना वायवाला बसवता येत नाही.

मागे माणूस बसवत नाहीत, यावर जरा थांबू या. तुमच्या गाडीची पुस्तिका उघडा. (सीटखाली असते. नसेल तर वडिलांच्या कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर.) तिच्यात गाडी किती वजन वाहू शकते ते पेलोड म्हणून लिहिलेलं असतं. शंभर सीसीच्या गाड्यांना ते १३० किलोच्या आसपास असतं. यात चालवणाराही आला. ६२ आणि ६५ झाले १२७. राहिले तीन किलो. म्हणजे त्या दिवशी पार्टनरच्या सॅकसाठीच काय ते बजेट होतं. रॅक आणि बॉक्स मिळून २२ किलो आम्ही वर फुकट चढवले होते. डबलसीट आणि लगेज ही हौस छोट्या गाडीला परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. ते इथल्या निम्म्या लोकांना पटणार नाही, कारण निम्मे लोक सुट्टीला तसेच जातात. डबलसीट जायचं तर सामान एकाच्या पाठीवर मावेल एवढंच घ्या. नाहीतर सामान एसटीने पाठवा, माझ्या पार्टनरने पाठवलं तसं.

आता लिटरबद्दल. बॉक्स लिटरवर विकतात हीच मुळात चूक आहे. ४५ लिटर घेणारा असं समजतो की मला गरज पडली तर जागा असेल. प्रत्यक्षात बॉक्स रिकामा दिसला की आई त्यात तांदूळ भरते. जगातल्या कुठल्याही आईला रिकामा डबा बघवत नाही. घेताना विचारायचा प्रश्न किती मावतं हा नाही, किती वजन चालतं हा आहे, आणि तो बॉक्सच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेला असतो. गिवी ही इटलीची कंपनी, जुझेप्पे विसेन्झी नावाच्या माजी रेसरने १९७८ साली काढलेली. या धंद्यातलं मोठं नाव. त्यांच्या मोठ्या टॉप केसवर साधारण १० किलोची मर्यादा लिहिलेली असते आणि छोट्यांवर कितीतरी वेळा फक्त ३ किलोची. रेसिंग केलेला माणूस ३ किलो म्हणतो आणि आपण त्यात साडेचौदा कोंबतो! माझ्या बॉक्सचं स्टिकर सीनियरच्याच काळात गळून गेलं होतं. गेलं नसतं तर मी वाचलं असतं, असं म्हणायला मला आवडेल.

त्यातून ते ॲल्युमिनियमचे चौकोनी बॉक्स. लडाखचे व्हिडिओ बघून गेल्या वर्षी दोघांनी १२५ सीसीला दोन बाजूंना दोन लावले. दिसतात झकास, नाही कोण म्हणतंय. पण ज्या गाड्यांसाठी ते मुळात बनले त्या अडीचशे किलोच्या आसपासच्या आणि दीड मीटर व्हीलबेसच्या. तिथे १९ किलो म्हणजे गाडीच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आत. माझ्या गाडीला तेच १७ टक्के. वर रुंदी. आपल्याला लहानपणापासून एकच सवय, हँडल गेलं म्हणजे गाडी गेली. या बॉक्सनी गाडी हँडलपेक्षा रुंद होते. दोघांपैकी एकाने कॉलेजच्या गेटमध्येच वॉचमनच्या खुर्चीला उजवा बॉक्स लावला. खुर्ची रिकामी होती, हे नशीब.

मग मी काय लावलं? सॅडल बॅग. कापडी, सीटवरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या, दोन्ही मिळून चाळीसच्या आसपास लिटर. रायनॉक्स, वायाटेरा अशा भारतीय कंपन्या चांगल्या बनवतात, हजारांत जातात. ज्याला परवडत नाही त्याने कॅनव्हासच्या दोन पिशव्या रुंद पट्ट्याने जोडून शिवून घ्याव्यात. बॅग बनवणारे कारागीर गावोगावी आहेत, आणि जाड सुईची मशीन असलेला चांभारही हे काम करतो. पण कापडी बॅग लावली म्हणजे सुटलो असं नाही. मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक उजवीकडे. आपल्या गाड्यांना डावीकडे साडी गार्ड असतो, त्यामुळे डावी बॅग चाकात जात नाही. उजवीकडे तसं काही नसतं, उलट खाली सायलेन्सर. पहिल्याच फेरीत उजव्या बॅगचा खालचा कोपरा सायलेन्सरवर टेकला. नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. आत नेमकं जर्नल होतं. सरांना जर्नलच्या कोपऱ्याचा भाजका रंग दाखवला तर ते म्हणाले, "बघू, निदान काहीतरी हीट ट्रान्सफर झालं." आता उजवीकडे एक छोटी लोखंडी कडी वेल्ड करून घेतली आहे. बॅग तिच्यावर टेकते. चाकात जात नाही, सायलेन्सरपासून चार बोटं वर राहते. ज्यांनी स्टाइल म्हणून साडी गार्ड काढून टाकलाय त्यांच्यासाठी: मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमांतच आहे, १९८९पासून, १२३व्या नियमात. नियम सोडा, बॅगचा लोंबणारा पट्टा स्पोकमध्ये गेला तर काय होईल ते कायनेमॅटिक्सच्या सरांना विचारा.

दुसरी चूक, जड सामान वर आणि हलकं खाली. कपडे आधी भरले, कारण ते आधी हाताला लागले. आता तांदूळ आणि बाटल्या तळाला, गाडीच्या पुढच्या अंगाला, कपडे वर. दोन्ही बॅगा हातात धरून बघतो, किलोभरापेक्षा जास्त फरक वाटला तर अदलाबदल. बांधायला अजूनही जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो. पंक्चरवाला दहा रुपयांत कापून देतो. हूकवाली रंगीत दोरी बाजारात मिळते, तिचा हूक सुटून डोळ्याकडे येतो, ती मला पसंत नाही. निघताना मागचे शॉकॲब्सॉर्बर दोन खाचा कडक करायचे, पुस्तिकेत डबलसीटसाठी जी हवा दिलीय ती मागच्या टायरमध्ये भरायची, आणि रात्री निघत असाल तर हेडलाइट थोडा खाली करायचा. मागे वजन आलं की दिवा आकाशाकडे बघतो आणि घाटात समोरचा आपल्याला आईबापावरून शिव्या देतो. त्या रास्त असतात.

पावसाचं विचाराल तर कापडी बॅग कोयनेच्या पावसात टिकत नाही, कव्हर घातलं तरी. जाहिरातीत काहीही म्हणू देत. आत खताची प्लॅस्टिकची पिशवी घाला, गाठ मारा. माझा लॅपटॉप मात्र मी पाठीवरच नेतो.

आणि हो, बॅग चोरीला जाते, बॉक्सला कुलूप असतं, हा मुद्दा प्रत्येक जण काढतो. बरोबर आहे. टपरीवर थांबलो की मी बॅगकडे तोंड करून बसतो. पण चार बोल्टांवर बसलेल्या बॉक्सच्या कुलपावर मी फार विश्वासही ठेवणार नाही.

टॉप बॉक्सच वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही. आमच्या विभागातले एक सर ११० सीसीवर येतात, मागे २६ लिटरचा छोटा बॉक्स. त्यात डबा, रेनकोट आणि पेपर तपासायचे असले तर त्यांचा गठ्ठा. गावातलं सहा किलोमीटर, स्पीड पस्तीस, वजन तीन-चार किलो. पावसात आमचे पेपर कोरडे राहतात. (काही जणांचे ओले झाले असते तर बरं.) त्यांच्यासाठी तोच बरोबर. अशा रोजच्या कामाला आमच्या वडिलांच्या गाडीला असायची ती डाव्या अंगाची फायबरची डिकीसुद्धा उत्तम. मावतं थोडंच, पण कागदपत्रं, पाना, रेनसूट, सगळं खाली आणि आत. हल्ली ती म्हातारी दिसते म्हणून कुणी लावत नाही. मी लावणार आहे. कुरिअर आणि डिलिव्हरीवाल्यांच्या मोठ्या पेट्या बघून कुणी "मग ते कसे नेतात" म्हणेल, तर २०२०मध्ये त्यासाठी वेगळी मर्यादा घातली गेली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००, आणि पेटी मागच्या सीटच्या जागेवर ठेवली असेल तर मागे माणूस नाही. दूधवाल्या काकांना हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

परवा एका फर्स्ट इयरच्या मुलाला हे सगळं एका दमात सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण भाऊ, ४५चा सातशे रुपयांनीच महाग आहे." मी त्याला वजनकाट्यावर घेऊन गेलो. तो एकटाच ८१ किलो निघाला. त्याची गर्लफ्रेंड, माफ करा, मैत्रीण किती किलोंची ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझा बॉक्स अजून रूममध्ये आहे, खाटेखाली. चार सेमिस्टरची जर्नल्स त्यात व्यवस्थित मावतात, आणि वर चकलीचा तो डबा, एका बाजूने चेपलेला. बॉक्स हवा असेल त्याने रात्री नऊनंतर यावं, किल्ली एकच आहे. रॅक देणार नाही, तो भंगारात दिला.

— टी. ई. मेकॅनिकल